हिरवं स्टिकर

पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेवर ते हॉटेल सुरू झालं, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावाच्या नादी कोणी लागलं नाही. पाटी लाल, भिंती लाल, काम करणाऱ्या पोरापोरींचे टी-शर्ट लाल, म्हणून सगळा तालुका त्याला लाल हॉटेल म्हणू लागला. नागपुरात, हैदराबादेत त्या कंपनीची कितीतरी हॉटेलं होती, आणि सगळीकडे तीच पाटी, तोच वास, तेच बर्गर. ट्रकवाले तिकडे फिरकत नसत. त्यांना पुढच्या ढाब्यावरची खाट बरी वाटे. इथं येत त्या कारवाल्या फॅमिल्या, कॉलेजची पोरं, आणि लग्नसराईत टेम्पो ट्रॅव्हलर भरभरून वऱ्हाडी. उन्हाळ्यात तर निम्मे लोक एसीच्या गारव्यासाठीच आत शिरत.

रंजिता राठोड तिथं आतल्या टेबलावर बर्गर बांधायची. तिचा तांडा पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला. बाप प्रेमसिंग कापूस आणि तूर पिकवणारा. बारावीनंतर पोरीला यवतमाळला शिकायला ठेवायची त्याची तयारी होती, पण रंजितालाच पुस्तकांचा कंटाळा आला होता. लाल हॉटेलात पोरी घेताहेत असं कानावर आलं तशी ती गेली, निवडली गेली आणि नागपूरला ट्रेनिंग घेऊन परत आली. काम तिच्या हातात बसलं. पाव, टिक्की, पानं, चटणी, वर कागद, कागदावर स्टिकर. टेबलासमोर एक स्क्रीन होता. ऑर्डर आली की त्यावर हिरवा चौकोन उमटे, उशीर होऊ लागला की तो पिवळा पडे आणि फारच झालं की लाल. रंजिताच्या पाळीत चौकोन सहसा लाल होत नसे. मॅनेजर कपिल सरांनी म्हणून तिचा फोटो काउंटरशेजारी लावला होता. प्रेमसिंग एकदा मुद्दाम तो बघायला आला. आत काही खाल्लं नाही, फोटोचाच मोबाइलवर फोटो काढला आणि तांड्याच्या ग्रुपवर टाकला.

ती राहायला होती इंदूबाईकडे. इंदूबाईचा नवरा दूरच्या गाड्यांवर ड्रायव्हर, घरी क्वचित. मुलगी लग्न होऊन आदिलाबादला गेलेली. बाहेरची खोली रिकामी होती, ती त्यांनी रंजिताला दिली, आणि थोड्याच दिवसांत पोरगी त्यांच्या चुलीवरचंच जेवू लागली. एकट्या बाईला घरात करमत नाही असं दिसलं, तेव्हा रंजितानंच कपिल सरांपाशी शब्द टाकून इंदूबाईंना हॉटेलात लावून दिलं. टेबलं पुसायची, ट्रे उचलायचे, फरशी आणि काचा स्वच्छ ठेवायच्या. लाल टी-शर्ट घालायचा म्हटल्यावर इंदूबाई पहिले दोन दिवस लाजल्या, मग पातळावरच तो चढवून कामाला लागल्या. रंजिता त्यांना मावशी म्हणे. संध्याकाळी दोघी मिळूनच घरी येत.

हॉटेलात एक नियम फार कडक होता. शाकाहारी बर्गरचं टेबल वेगळं, चिकनचं वेगळं. हातमोजे वेगळे, टिक्क्यांचे ट्रे वेगळे. शाकाहारीला हिरवं स्टिकर, चिकनला लाल. कारण टिक्क्या तळून आल्या की दिसायला सारख्याच; फरक कळायचा तो घास तोंडात गेल्यावर. ट्रेनिंगमध्ये हेच सगळ्यात जास्त घोकून घेतलं होतं.

त्या रविवारी लग्नाची तिथी दाट होती. दुपार टळायच्या आधीच हॉटेल भरलं. कामावरच्या दोन पोरी आल्या नव्हत्या, त्यामुळे रंजिता एकटीच दोन्ही टेबलांवर बांधत होती. कपिल सरांनी हॉलमधून इंदूबाईंना बोलावून तिच्याजवळ उभं केलं. पोरगी सांगेल ते स्टिकर लावायचं आणि पिशवीत टाकायचं, एवढंच काम. हॉलवरच्या माणसाला आत घेणं नियमात बसत नव्हतं. पण बाहेर लोक काउंटरवर हात आपटत होते.

तेवढ्यात एका टेम्पोची मोठी ऑर्डर आली. राळेगावकडचं एक कुटुंब लग्नाहून परतत होतं. घनश्याम नावाचा शेतकरी, त्याची बायको, भाऊबंद, मित्र, आणि त्याची म्हातारी आई जमनाबाई. घर महानुभाव पंथाचं. जमनाबाई उपदेश घेतलेल्या. त्यांच्या चुलीजवळ अंडंसुद्धा आलं नव्हतं कधी. त्यांना हे असलं खायचंच नव्हतं, पण सून म्हणाली की आलूची टिक्की आहे, पावात घालून देतात, चाखून तर बघा. बरोबरच्या मित्रमंडळींनी चिकनचं मागवलं होतं. एकाच ऑर्डरीत दोन्ही.

स्क्रीनवरचा चौकोन पिवळा झाला. रंजिताचे हात भरभर चालले होते. शाकाहारी ट्रेमधली शेवटची टिक्की संपली आणि अजून एक हिरवं बांधायचं बाकी होतं. तळणीवरचा पोरगा म्हणाला, नवीन निघायला थोडा वेळ लागेल. रंजिताची नजर स्क्रीनवर होती. तिचा हात शेजारच्या ट्रेकडे गेला, टिक्की उचलली, पावात ठेवली, कागद गुंडाळला.

"हिरवं," ती म्हणाली.

इंदूबाईंनी हिरवं स्टिकर लावलं आणि पुडा पिशवीत टाकला. चौकोन लाल व्हायच्या आत ऑर्डर गेली.

जमनाबाईंनी निम्म्याहून जास्त खाल्लं. मग सुनेला म्हणाल्या की याच्यात रेशे लागून राह्यले. सुनेनं पाव उघडून पाहिला. म्हातारीला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्या ओरडल्या नाहीत. तोंडावर हात धरून उठल्या, दार ढकलून बाहेर गेल्या आणि गाड्या लावायच्या जागेजवळच्या नळावर चूळ भरू लागल्या. एक झाली, दुसरी झाली, थांबतच ना. डोक्यावरचा पदर खाली आला, पातळ भिजलं, तरी त्या ओंजळीनं पाणी तोंडात घेत होत्या आणि थुंकत होत्या.

आत घनश्यामचा आवाज चढला होता. माह्या मायचा धर्म बुडवला म्हणून तो काउंटरवर हात आपटत होता. आजूबाजूच्यांचे मोबाइल वर झाले होते. कपिल सर पांढरेफटक पडून आत आले आणि विचारलं, "कोणी बांधलं?"

रंजिताला तोवर सगळं लख्ख आठवलं होतं. रिकामा ट्रे, शेजारी गेलेला हात, सगळं. तिनं तोंडसुद्धा उघडलं होतं. पण तिच्याआधी इंदूबाई बोलल्या. स्टिकरची गुंडाळी त्यांच्या हातातच होती.

"माह्याच्यानंच झालं असन साहेब. गडबडीत हिरवं-लाल ध्यानात नाही राह्यलं."

त्या खोटं बोलत नव्हत्या, कोणाला वाचवतही नव्हत्या. आपण या कामाला नवीन, आपल्याच हातून चुकलं असणार, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. रंजितानं त्यांच्याकडे पाहिलं, कपिल सरांकडे पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावर कोणीतरी सापडल्याचा सुटकेचा भाव आला होता. त्या एका श्वासात बोलायचं राहून गेलं. पुढच्या श्वासात ते अवघड झालं, आणि त्याच्या पुढच्या श्वासाला सर इंदूबाईंना दंडाला धरून बाहेर घेऊन गेले होते.

काचेतून रंजिताला सगळं दिसत होतं. इंदूबाई भर उन्हात, लाल टी-शर्टमध्ये, नळाजवळच्या चिखलात जमनाबाईंच्या पायांवर पडल्या. म्हातारीनं पाय झटकन मागं घेतले. इंदूबाईंचे हात तसेच चिखलात राहिले. कोणीतरी अगदी जवळ जाऊन शूटिंग करत होतं.

मागं स्क्रीनवर चौकोन साचत चालले होते. तळणीवरच्या पोरानं हाक मारली. रंजिता वळली आणि पुढचा बर्गर बांधू लागली.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचला. दोन दिवसांनी नागपूरहून एरिया मॅनेजर आले. कपिल सरांनी सांगितलं की बाई स्वतःहूनच आत शिरली होती. इंदूबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी मान डोलावली, टी-शर्ट घरून धुऊन, घडी करून आणून दिला. प्रेमसिंगचा फोन आला. त्यानं व्हिडिओ पाहिला होता. देवानं तुला वाचवलं बेटी, तू त्या भानगडीत नव्हतीस, असं तो दोनदा म्हणाला. रंजिता हो म्हणाली.

नोकरी गेल्याचं इंदूबाईंनी एका शब्दानं काढलं नाही. त्यांना दुसरंच लागलं होतं. गल्लीतल्या देवळात भजनाला जायच्या, ते त्यांनी बंद केलं. बायका काही बोलत नव्हत्या, पण आपण गेलो की टाळ थांबतात असं त्यांना वाटू लागलं. संध्याकाळचं जेवण सोडलं. घरच्या देवापुढं बसून नाक घासत, पुटपुटत राहत. एका म्हाताऱ्या माणसाचं जन्मभराचं व्रत आपण मोडलं, याला भरपाई काय, असं रंजितालाच विचारत. आणि तरी रोज रंजितासाठी चूल पेटवत. भाकरी गरम वाढत. स्वतः समोर पाण्याचा गिलास घेऊन बसत आणि आज हॉटेलात गर्दी होती काय, पाय दुखून राह्यले काय, असं विचारत.

रंजिता खात असे. न खाल्लं तर मावशी कारण विचारतील, म्हणून खात असे. एकदा घास हातात धरून ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी..."

इंदूबाईंनी हात वर केला. तो विषय काढू नको पोरी, म्हणाल्या.

रंजितानं घास तोंडात घातला, आणि आपल्याला हायसं वाटलं हे तिला जाणवलं. खोलीत येऊन ती अंधारात बसून राहिली. चूक झाली ती झाली, पण हे हायसं वाटणं तिला स्वतःपासून लपवता येईना. ड्यूटीवर फोटोसमोरून जाताना ती दुसरीकडे बघू लागली. हात पूर्वीसारखेच वेगानं चालत, चौकोन लाल होत नसत, आणि कपिल सर तिला काही बोलत नसत. त्यांना काही ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. विचारलं नाही तर बरं, असं दोघांनाही वाटत असावं.

मग एक दिवस इंदूबाई म्हणाल्या की मी त्या म्हातारीच्या गावाला जाऊन येते. घनश्यामनं व्हिडिओत स्वतःचं आणि गावाचं नाव घेतलं होतं. वडकीच्या पुढं, राळेगावच्या अलीकडं. एकटीला घर सापडायचं नाही, आणि त्या लोकांपुढं तोंडातून शब्दही निघायचा नाही, म्हणून तू चाल माह्यासोबत, अशी त्यांनी रंजिताला गळ घातली. तुझ्या सुट्टीच्या दिवशी जाऊ. रंजिताला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

एसटीनं दोघी गेल्या. वाटेत शेतं मोकळी होती, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या. इंदूबाईंनी सोबत एक नारळ घेतला होता. मग त्या पंथात नारळ चालतो की नाही या शंकेनं त्यांनी तो पिशवीत खाली दडपला, वर पदराचं टोक टाकलं, आणि सबंध वाट पिशवी मांडीवर आवळून बसल्या.

घर लवकरच सापडलं. सारवलेलं अंगण, एका बाजूला बैलांचा गोठा. जमनाबाई ओसरीवर सुपात तुरी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी इंदूबाईंना ओळखलं. सूप बाजूला ठेवून, हात जोडून दंडवत म्हणाल्या आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. घनश्याम शेतावर गेला होता. इंदूबाई पुन्हा वाकायला गेल्या, तर म्हातारीनं त्यांना कोपराला धरून वर केलं आणि सतरंजीवर बसवलं.

"त्या दिवशी म्या पाय मागं घेतले," जमनाबाई म्हणाल्या. "लेकीच्या वयाची बाई चिखलात पडली होती, अन् म्या पाय मागं घेतले. थेच दिसते मले आता."

आपल्या महाराजांकडे जाऊन आल्याचं त्यांनी सांगितलं. अजाणता झालं, नाम घ्या आणि मनातून काढून टाका, असं महाराज म्हणाले होते. खाल्ल्याचं त्यांच्या मनातून बरंचसं गेलंही होतं. पण लेकानं आपल्या मोबाइलमधून तो व्हिडिओ पुसला तरी गावात तो होताच. पोरं अजून बघत होती, आणि त्यात ते पाय होते. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं की हे झालं तरी कसं, बांधायला तुम्हीच होत्या काय.

इंदूबाईंनी पाण्याचा गिलास हातात घेतला होता. "स्टिकर म्याच लावलं बाई," त्या म्हणू लागल्या. "माह्या ध्यानात..."

"मावशीनं नाही," रंजिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी बांधलं. हिरवं लाव म्हणून मीच सांगतलं. अन् साहेबानं इचारलं तवाच मले समजलं होतं."

शेवटचं वाक्य तिला कोणी विचारलं नव्हतं.

जमनाबाईंनी रंजिताकडे पाहिलंच नाही, त्या इंदूबाईंकडे बघत होत्या. इंदूबाईंनी गिलासातलं पाणी पूर्ण प्यायलं, सावकाश, तळापर्यंत, आणि गिलास खाली ठेवला. मग पदरानं तोंड पुसलं.

"कोणाची व तू?" म्हातारीनं विचारलं.

रंजिताला तिथं बापाचं नाव घ्यावं लागलं. "प्रेमसिंग राठोडची," ती म्हणाली, आणि तिची मान पुन्हा वर झाली नाही. तांड्याचं नाव तिनं सांगितलं नाही, आणि म्हातारीनंही विचारलं नाही.

जमनाबाई उठून आत गेल्या. जरा वेळानं त्यांनी चहा पाठवला, दोघींना सारख्याच कपांत. सून रंजिताच्या पुढं कप ठेवून गेली. निघताना म्हातारी दारापर्यंत आली, आणि तिनं इंदूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. नारळ पिशवीतच राहिला.

परतीची बस भरलेली होती, म्हणून दोघी एकाच सीटवर बसल्या. इंदूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. पांढरकवड्याच्या स्टँडवर त्यांनी वांगी घेतली, निवडून, नेहमीसारखी घासाघीस करून, आणि पुढं चालू लागल्या. रंजिता दोन पावलं मागून चालली.

घरी आल्यावर त्यांनी चूल पेटवली. वांग्याची भाजी केली, भाकरी थापल्या. दोन ताटं केली. कितीतरी दिवसांनी त्या संध्याकाळी त्या स्वतः जेवल्या. पोटभर जेवल्या. रंजिता ताटापुढं बसून राहिली. जेवण झाल्यावर इंदूबाईंनी हात धुतले आणि मगच बोलल्या.

"नोकरीचं मले काही वाटत नाही. थ्या दिवशी भ्याली असशीन, थेही समजते. पण मी देवापाशी नाक घासून राह्यली होती, अन् तू माह्या समोर बसून माह्या हातचं जेवत होती. रोज." त्या थांबल्या. "खोली पाहून घे दुसरी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. रंजितानं ताट उचललं, भाजी झाकून ठेवली आणि आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं कपिल सरांना सांगितलं. सरांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. ते चिडले नाहीत, उलट मऊ आवाजात समजावू लागले. प्रकरण मिटलं आहे, नवी बाई कामाला लागली आहे, आता उकरून काय मिळणार. वर हेही की तू बोललीस तर इंदूबाईंना आत कोणी उभं केलं हेही निघेल. रंजिता म्हणाली की तेही सांगीन. सर म्हणाले की माझ्या घरचा विचार कर. रंजितानं त्यांच्या घरचा विचार केला. तिला ते वाईट वाटलं, पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर एरिया मॅनेजरांचा नंबर लिहिलेला होता, आणि तिनं त्याच दुपारी फोन लावला.

नागपुरात तिचं बोलणं कोणाला फारसं आवडलं नाही. कपिल सरांची बदली झाली. ते जाताना तिच्याशी बोलले नाहीत. रंजिताला काढलं नाही, कारण लग्नसराई चालूच होती आणि माणसं कमी होती. तिला टेबलावरून हलवून हॉलमध्ये लावलं. ट्रे उचलायचे, फरशी पुसायची, काचा घासायच्या. लोक खरकटं सांडून तिच्याकडे न बघता निघून जात. त्याची तिला लाज वाटली नाही. लाज वाटे ती सकाळी आरशासमोर वेणी घालताना, विनाकारण. नव्या मॅनेजरनं इंदूबाईंना परत बोलावणं धाडलं. त्या म्हणाल्या, माह्या हातानं झालं नाही हे मले समजलं, बस झालं. त्या मुलींच्या होस्टेलात पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. संध्याकाळी भजनालाही जाऊ लागल्या, असं रंजितानं ऐकलं. ती आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती.

सगळ्यात शेवटी तिनं बापाला सांगितलं. तांड्यावर जाऊन, घराच्या मागं, आई विहिरीवर गेली असताना. प्रेमसिंगनं सगळं ऐकून घेतलं. नागपूरला फोन केल्याचं त्याला बरं वाटलं असावं, पण तो तसं म्हणाला नाही. त्या बाईच्या घरी आपण जायचं काय, एवढंच त्यानं विचारलं. रंजिता म्हणाली की मला तिथं जायला तोंड नाही.

तर तो एकटाच गेला. एका सकाळी घरच्या तुरीच्या डाळीची थैली खांद्यावर टाकून पांढरकवड्याला उतरला, विचारत विचारत इंदूबाईंचं घर गाठलं. दुपारी लाल हॉटेलच्या मागच्या दाराशी येऊन त्यानं पोरीला बाहेर बोलावलं. हातातला फडका तसाच घेऊन रंजिता आली. इंदूबाईंनी डाळ ठेवून घेतली, तो म्हणाला. बसवलं, पाणी दिलं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवऱ्याच्या गाडीबद्दल बोलल्या, कापसाच्या भावाबद्दल बोलल्या, आदिलाबादच्या लेकीबद्दल बोलल्या.

रंजिता वाट बघत उभी राहिली.

"तुझं काही इचारलं नाही," प्रेमसिंग म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. जेवण मात्र चांगलं होतं, असं म्हणून त्यानं रिकामी थैली घडी करून खिशात घातली आणि बस धरायला हायवेकडे चालू लागला.